चहाच्या आधीचा लांब सूर

काजूच्या बोंडांचा वास आवडणारी आणि न आवडणारी, अशा दोनच तऱ्हांची माणसं पेडण्यात आहेत. मधलं कुणी नाही. मी आवडणाऱ्यांतली. मार्च सरत आला की आमच्या बागायतीच्या कडेनं स्कूटर नेताना तो वास अंगावरच येतो. गोड, आंबूस, किंचित कुजका, आणि दुपार चढेल तसा अधिकच निर्लज्ज. माझी वहिनी ओढणी नाकाला लावते. मी स्कूटर मुद्दाम हळू करते. यंदाही तो आला, आणि यंदाही नाकात बोंडांचा वास शिरताच कानात एक सूर लागला. बोंडाचा आणि सुराचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मला सरळ उत्तर देता येत नाही. पण वाकडंतिकडं सांगता येईल.

तो सूर व्हायोलाचा आहे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. दिसायला तसंच, अंगानं जरा मोठं, आवाजानं जरा जाड. नशीब मात्र मधल्या सुनेचं. कामं सगळी तिनं उरकायची आणि पाहुण्यांनी वाखाणायचं ते थोरलीला नाहीतर धाकटीला. गोव्यात व्हायोलिन वाजवणारे हवे तेवढे मिळतील, पण व्हायोला धरा म्हटलं की एकेकाची मान दुखायला लागते. डिचोलीच्या अनंत सरांची मान कधी दुखली नाही. खाणीवर सर्व्हेअरची नोकरी करून संध्याकाळी लाल धूळ धुऊन हा माणूस व्हायोला घेऊन बसायचा. तोही दुसरा व्हायोला, म्हणजे मधल्या सुनेचीही मदतनीस.

दुसरा कशातला, तर सहाजणांतला. युरोपातल्या एका संगीतकारानं दीडशे वर्षांपूर्वी सहा तंतुवाद्यांसाठी एक रचना केली होती. दोन व्हायोलिन, दोन व्हायोला, आणि दोन चेलो, म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे, आणखी जाड आवाजाचे. त्याचं नाव सांगत नाही, कारण नाव कळलं की लोक आधी मान डोलावतात आणि मग ऐकतच नाहीत. त्या काळाला रोमँटिक काळ म्हणतात. शाळेत मी संगीत शिकवते, तिथं हा शब्द उच्चारला की नववीच्या मुली एकमेकींना कोपर मारतात. त्यांना वाटतं तसलं त्यात काही नाही. आहे ती एक हुरहुर, आणि ती सहाजणांत वाटून दिलेली. कुणाच्या वाट्याला गाणं, कुणाच्या वाट्याला नुसता श्वास.

ही सहा माणसं वर्षातून एकदा सरांच्या घरी जमायची, ती काजूच्या हंगामात. हंगाम कलेनं नव्हे, पियानोनं ठरवलेला होता. लिस्बनला निघालेल्या एका कुटुंबाकडून सरांनी जुना पियानो आणला होता. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून चिकटायच्या आणि नंतर कितीतरी दिवस त्या आळस सोडायच्या नाहीत. त्या रचनेत पियानो नाही, पण सुरुवातीला सगळ्यांचे सूर मिळवायला आणि शेवटी गप्पांत कुणीतरी ठोकायला तो लागायचाच. त्याच पियानोवर सरांनी मला पाच रेघांची लिपी शिकवली. मी तेव्हा नुकती शाळेत लागले होते आणि हार्मोनियम सोडून दुसरं काही मला येत नव्हतं. सरांनी फी म्हणून काय घेतलं, तर हंगामात एक बाटली नीरो. नीरो म्हणजे बोंडांचा ताजा रस. सकाळी पेडण्याहून निघाला की म्हापसामार्गे डिचोलीला पोचेपर्यंत उन्हानं त्याला फेस चढायचा आणि बाटलीचं बूच आपल्या आपण उडायचं. "आयली गो शुभा," सर आतूनच म्हणायचे.

त्या घरचा एक रिवाज होता. रचनेतला संथ भाग संपला की चहा. मग उरलेले दोन भाग. चहा सरांच्या पत्नी करायच्या, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. माई गणिताच्या शिक्षिका, हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झालेल्या. मैफलीत त्या कधी बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात पेपर वाचत बसायच्या, आणि संथ भाग संपता संपता आतून त्यांचा आवाज यायचा, "च्या दवरूं?" म्हणजे चहा ठेवू का? सर म्हणायचे, "दवर." इतकं सगळं ठरलेलं होतं की त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

सर गेले ते एका पावसाळ्यात. मी सांगते आहे तो त्यानंतरचा काजूचा हंगाम.

तोवर बाकीचेही पांगले होते. एकजण मुलाकडे इंग्लंडला गेला, एकाच्या मनगटानं दगा दिला, आणि एकानं बायकोचं ऐकून फक्त चर्चपुरतं वाजवायचं ठरवलं. उरले दोघे. म्हापशात दातांचा दवाखाना चालवणारी इझाबेल, तिचं व्हायोलिन. आणि कायतान, त्याचा चेलो. कायतान म्हणजे मोठं पोट, त्याहून मोठा आवाज, आणि आपल्या चेलोच्या गाण्यावर स्वतःच खूश. त्या रचनेच्या संथ भागात शेवटची ओळ पहिल्या चेलोला आहे, अगदी जिवाला लागणारी. ती वाजवताना कायतान डोळे मिटायचा आणि वाजवून झाल्यावर कोण कोण रडलं ते एक डोळा उघडून बघायचा.

एका सकाळी हा कायतान आमच्या बागायतीत उगवला. नाव हुर्राकाचं काढलं. काजूची पहिल्या धारेची दारू त्याला माझ्या भावाच्या ओळखीनं चांगली मिळते, हे खरंच. पण घोट घेण्याआधीच तो म्हणाला, "टीचर, स जाणांचें तीन जाणांक करून दी. इझाबेल, हांव, आनी तूं पियानोचेर. अनंताच्या घरांत. पावसाआदीं."

सहाजणांचं तिघांना. मी हातातलं बोंड तसंच धरून उभी राहिले. इझाबेलनं मोबाइलवर एक तयार प्रत शोधून दिली होती. कुणीतरी मागेच पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी हे काम करून ठेवलेलं होतं. मी वाजवून पाहिलं. ते ज्याच्या हातांसाठी लिहिलं होतं, तो माणूस माडावर शिडीशिवाय चढत असणार. माझ्या पंजात आठ सूर कसेबसे मावतात. तेव्हा आपल्या मापाचं आपणच शिवायला हवं होतं.

मग तो हंगाम असा गेला. पहाटे भावाबरोबर बोंडं वेचायची. काजूचं बोंड झाडावरून तोडत नाहीत, ते आपणहून पडेपर्यंत थांबायचं. पडलेल्या बोंडाची बी पिळून वेगळी करायची, बोंडं एका टोपलीत, बिया दुसरीत. बीचा चीक लागून बोटांची सालं निघतात. दुपारी त्याच बोटांनी पेन्सिल धरायची आणि सहा ओळींतून तीन ओळी करायच्या. पेन्सिलीपेक्षा खोडरबर अधिक झिजला. संध्याकाळी भाऊ कोळंबीत, म्हणजे दगडात खोदलेल्या उथळ कुंडात, बोंडं पायानं तुडवायचा. तुडवून निघतो तो रस वेगळा. मग उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीनं आवळून वर धोंडा ठेवतात आणि रात्रभर जो थेंब थेंब गळतो, तो नीरो. कायतान म्हणाला होता, तूही हेच करते आहेस, सहाचा नीरो काढतेस. ऐकायला बरं वाटलं. पण रोज तो ढीग बघताना मला एकच प्रश्न पडायचा. बोंडाचा चोथा गुरांना तरी घालता येतो. गाण्यात चोथा कोणता? कुठला सूर टाकून दिला तर चालतं, आणि हे ठरवणार कोण?

मी ठरवलं, आणि कसं ठरवलं ते सांगण्यासारखं आहे. माझे वडील जत्रेच्या नाटकांना पायपेटीची साथ करायचे. पायानं भाता मारायचा, दोन्ही हात सुरांवर. मला शिकवताना त्यांचा एकच धोशा, "गावप्याचो हात सोडू नको गो." गाणाऱ्याचा हात सोडायचा नाही. तो जाईल तिथं त्याच्या मागोमाग जायचं, अडखळला तर सावरायचं, रंगला तर आपण आणखी रंगवायचं. आमच्याकडे साथ म्हणजे हेच. माझ्या हाडात ते इतकं मुरलेलं की मी पियानोला नकळत पायपेटी करून टाकलं. व्हायोलिन गाऊ लागलं की पियानो त्याच्यामागं. चेलो गाऊ लागला की पियानो त्याच्यामागं. सगळी गाणी दुप्पट झाली. मला वाटलं, काय भरघोस जमलंय.

पहिल्या तालमीला आम्ही तिघं डिचोलीला जमलो. खिडक्या उघड्या, बाहेर ऊन, आणि पोदेर सायकलवरून पोंय पोंय करत पाव घेऊन गेला तो नेमका इझाबेलच्या नाजूक जागेवर. माई दारात येऊन माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "हात धू गो, पियानोक बोंडांचो वास येतलो," आणि आत गेल्या. संथ भाग आम्ही बऱ्यापैकी वाजवला. कायताननं डोळे मिटले, शेवटची ओळ ओढली, संपवली. एक डोळा उघडला.

आणि आम्ही चहाच्या हाकेची वाट बघत बसलो. आतून काहीच आवाज आला नाही. कायताननं चेलोची धनुकली, म्हणजे गज, मांडीवर ठेवली, घसा खाकरला, घड्याळाकडे बघितलं. इझाबेलनं तारा पुसल्या. शेवटी मीच स्वयंपाकघरात गेले. माई पेपर वाचत होत्या. मला बघून दचकल्याच.

"संपलें? माका कळ्ळेंच ना," त्या म्हणाल्या. संपलेलं त्यांना कळलंच नव्हतं.

त्यांनी पेपर घडी केला, मग पुन्हा उघडला आणि पुन्हा घडी केला. म्हणाल्या, "तुमी बरें वाजयलें. पूण आमचे खंय आसात ह्यांत? खंयच आयकाक येनांत."

आमचे म्हणजे सर. ते कुठंच ऐकू येत नव्हते. हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. वर्गात उत्तर चुकलं की फळ्याकडे बघत म्हणावं, तशा म्हणाल्या. मग तितक्याच शांतपणे पुढचं सांगून टाकलं. या घरात वाजवायचं तर ते त्यात हवेत. ते नसतील तर मला बोलवू नका, आणि हा पियानोही कुठं न्यायचा तिथं न्या. "वसरी रिकामी जावं," त्या म्हणाल्या. ओसरी रिकामी झाली तरी चालेल.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा कायतान एवढंच म्हणाला, "टीचर, माकाय दिसतालें. हो तुजो पियानो म्हज्या फाटल्यान कित्याक धांवता, पोलिसाभशेन?" मलाही वाटत होतंच, हा पोलिसासारखा माझ्या पाठीमागं का धावतो? इझाबेल हसली, आणि हसता हसता तिनंही मान हलवली. मला राग आला. खरा राग आला. घरी येताना कोलवाळच्या पुलावर वारा लागला तेव्हा कुठं तो उतरला, आणि त्याच्या जागी कुतूहल आलं. माई नक्की काय ऐकत होत्या?

त्याचं उत्तर विचार केल्यावर सोपं होतं. सर वर्षभर घरी एकटे वाजवायचे. बाकीचे पाच तिथं नसायचे. माईंनी भिंतीपलीकडून इतकी वर्षं जी रचना ऐकली होती, तिच्यात फक्त दुसरा व्हायोला होता. आपण जिला साथ म्हणतो, तेच त्यांचं गाणं होतं. पुढं एकदा मी त्यांना विचारलं, पहिल्यांदा सगळे सहाजण ऐकलेत तेव्हा काय वाटलं? त्या म्हणाल्या, "माका दिसलें, हीं पांच जाणां मदीं मदीं कित्याक वाजयतात?" यांच्या गाण्यात हे पाचजण मध्ये मध्ये का करताहेत! मला या वाक्याची गंमत अजून संपत नाही. आमच्याच घरी बघा. माझ्या भावाला वडिलांच्या नाटकांतलं एक पद धड येत नाही, पण पदाच्या दोन ओळींमधला पेटीचा तुकडा तो शिट्टीवर बिनचूक वाजवतो. लहानपणी तो पेटीच्या मागं झोपायचा. एकच नाटक, प्रत्येकाच्या कानात वेगळं. मग खरं नाटक कोणतं?

मी रचना पुन्हा उघडली आणि या खेपेला गाण्यांकडे बघितलंच नाही. सरांच्या ओळीवर बोट ठेवून चालत गेले. काय होतं त्या ओळीत? ठोका चुकवून येणारे दोन सूर. मग तेच दोन. मग एक पायरी खाली. कुणी गात असताना त्याच्या गाण्यातल्या मोकळ्या जागा भरणं, पण अशा की त्या भरल्यात हे कळू नये. एके ठिकाणी तर पाच-सहा ओळी नुसता एकच सूर, आवाज तेवढा लाटेसारखा चढता-उतरता. मी पियानोवर ती रचना त्या ओळीसकट वाजवली आणि त्या ओळीशिवाय वाजवली. काढल्यावर काय कमी झालं ते बोट ठेवून सांगता येईना, पण सगळं उघडं पडल्यासारखं वाटलं. पातोळी उकडताना गुंडाळलेलं हळदीचं पान आपण सोलून टाकतो, खात नाही. पण पानाशिवाय उकडलेली पातोळी कुणी खाल्ली आहे? मी पहिल्या प्रतीत पानंच फेकून दिली होती.

दुसऱ्या प्रतीत मी पियानोचं धावणं बंद केलं. चेलो गातोय तर गाऊ दे, त्याला माझी गरज नाही. हे लिहिताना बोटं अक्षरशः ओढ घ्यायची, वडिलांचा आवाज कानात यायचा. मी हात सोडला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटांत सरांची ओळ घेतली. एकही सूर गाळला नाही. चुकवलेले ठोके, पायऱ्या, लाटा, सगळं. दुसऱ्या तालमीला कायतान खूश झाला. आपलं गाणं आता एकट्याचं झालं, हे त्याला लगेच कळलं.

संथ भाग संपला. आम्ही तिघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. चहा आला नाही.

या वेळी माई स्वतःच बाहेर आल्या. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "आतां येतात मदीं मदीं," त्या म्हणाल्या. "येतात, पूण रावनांत."

येतात, पण राहत नाहीत. आणि गोष्ट शंभर टक्के खरी होती. पियानोचा दोषच तो आहे. पट्टी दाबली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. धनुकलीनं ओढलेला सूर हवा तेवढा जगतो, पेटीचा सूर भाता चालेल तोवर जगतो, पियानोचा नाही. मी त्या रात्री वडिलांची पेटी उघडून एक सूर धरून बसले आणि वाटलं, हीच घेऊन जावी. कायताननं फोनवरच उडवून लावलं. "ट्रायो म्हणल्यार तीन. चवथी पेटी हाडूं नाका."

आता मे लागला होता. बागायतीत शेवटची बोंडं पडत होती, छोटी, सुरकुतलेली, पण सगळ्यांत गोड. दुपारी ढग यायला लागले होते आणि पियानोची एक पट्टी जरा जड वाटायला लागली होती. वेळ उरला नव्हता. मी एक दिवस चेलो, व्हायोलिन कुणी नसताना एकटीच डिचोलीला गेले. माई मागच्या अंगणात चटईवर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत घालत होत्या. मी रचना मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि म्हटलं, "माई, माका तां म्हणून दाखय मगे. सर वाजयत तसां."

आधी लाजल्या. हेडमिस्ट्रेसबाईंना लाजताना मी पहिल्यांदा बघितलं. मग सोलं उलटता उलटता, माझ्याकडे पाठ करून, गुणगुणायला लागल्या. सूर थोडा इकडे तिकडे, पण चुकवलेला ठोका बरोब्बर चुकवलेला. मी ओळीवर बोट फिरवत होते. संथ भागाचा शेवट आला. शेवटचा सूर आला. माझं बोट दुहेरी रेघेवर जाऊन थांबलं. लिहिलेलं तिथं संपतं, सहाही वाद्यं एकदमच थांबतात. माई थांबल्या नाहीत. तोच सूर धरून त्या चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलं उलटत गेल्या.

"माई," मी म्हटलं, "हंय संपता मगे?"

"संपता तें तुमचें," त्या म्हणाल्या. "ह्यांचें ना." यांचं संपत नाही.

मला जे रचनेत सापडत नव्हतं ते रचनेत नव्हतंच. सर शेवटचा सूर सोडत नसत. बाकीचे पाच थांबल्यावरही त्यांचा एकट्याचा सूर थोडा वेळ मागं राहायचा, आणि भिंतीपलीकडे माईंना कळायचं की संथ भाग संपला, आता चहा ठेवायचा. मी कितीदा त्या खोलीत बसले होते! पण माझं लक्ष कायतानच्या ओळीवर. सगळ्यांचंच असायचं. सर असं का करत, याबद्दल आमच्यात आजही एकमत नाही. इझाबेलला वाटतं, सबंध रचनेत त्यांना एकट्याला मिळणारी तेवढीच जागा होती, आणि ती त्यांनी स्वतःच करून घेतली होती. मला वाटतं, त्यांना चहा हवा असायचा.

कायतानला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो गडगडाटी हसला. "सोडिनाशिल्लोच तो! म्हजें गाणें संपलें तरी हाचें आपलें चलूच!" सरांच्या या खोडीकडे त्यानं कधी गाणं म्हणून बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, तो सूर पियानोवर टिकणार नाही, व्हायोलिनला इतका खाली उतरता येणार नाही. पुढचं वाक्य मला म्हणवेना. तो सूर फक्त चेलोवर शक्य होता, आणि चेलोला त्या जागी शेवटची ओळ होती. त्याची ओळ. ती पियानोला द्यावी लागणार होती, माझ्या आखूड बोटांना.

"इतकीं वर्सां हांव ताका सांगतालों, सोड बाबा, सोड," कायतान म्हणाला. "आतां हांवूच धरतां." आता तो सूर तोच धरणार होता.

मैफलीला माणसं फार नव्हती. शेजारची, सरांच्या खाणीवरची दोघं-तिघं, इझाबेलची आई, माझा भाऊ आणि वहिनी. ढगांनी अंधारून आलं होतं, दमट हवेनं इझाबेलच्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून सारख्या अडकत होत्या. माई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्या ओसरीत मैफलीला बसलेलं मी त्यांना तेव्हाच बघितलं. पहिला भाग झाला. मी संथ भागाचं पान उलटलं आणि माई उठल्या. कुणाकडे न बघता, हातानं खुर्ची सरळ करून त्या आत निघून गेल्या. जमलं नाही, त्यांना पटलं नाही, आता पियानो न्यायला टेंपो सांगायचा, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. पण इझाबेलनं धनुकली उचलली होती.

आम्ही वाजवत गेलो. मधल्या बोटांत सर होते, ठोका चुकवत. शेवट आला तसा चेलोनं आपलं गाणं खाली ठेवलं आणि मी ते उचललं. कायतानसारखं मला काय येणार? पण मी त्याचा हात सोडला नाही, इतकंच सांगते. त्यानं डोळे मिटले नव्हते. तो धनुकलीकडे बघत एकच सूर ओढत होता, नुसता, साधा, ज्यावर कुणी रडणार नाही असा. माझी ओळ संपली. इझाबेलचं व्हायोलिन थांबलं. मी पट्ट्यांवरून बोटं उचलली, पायही उचलला. लिहिलेलं सगळं संपलं, आणि तो सूर राहिला. टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते लोकांना कळेना. माझ्या वहिनीनं हात वर नेऊन तसेच धरून ठेवले. कायतान ओढतच होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हलायचं धाडस होईना.

आतून आवाज आला, "च्या दवरूं?"

या प्रश्नाला त्या घरात एकच माणूस उत्तर द्यायचा. कायताननं धनुकली तारेवरून उचलली नाही.

"दवरात, माई," तो म्हणाला.

अजून दोन भाग बाकी होते. ते आम्ही चहा घेऊन वाजवले.